बैलाच्या औषधाचे पुस्तक कुणाच्या कपाटात?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्याआधी बोललेल्या कार्यकर्त्यांनी कापसाच्या भावाचा, कर्जाचा आणि विजेच्या बिलाचा हिशेब मांडला. त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मला जो विषय दिला आहे तो ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना हसू येईल. फार्मसी कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींना जनावरांच्या औषधांची पुस्तके वाचायला मिळत नाहीत, असा तो विषय आहे. तुम्ही म्हणाल, न मिळेनात! कॉलेजच्या पोरांच्या पुस्तकांशी आमच्या पऱ्हाटीचा आणि ज्वारीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या गोठ्याशी आहे. मी फार्मसीच्या मुलांना शिकवतो आणि माझ्या घरची शेतीही कोरडवाहूच आहे. दोन्हीकडचे पाहतो म्हणून हे सांगायला उभा राहिलो आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी बँकेत ठेव नसते. त्याचे भांडवल दावणीला बांधलेले असते. ऐन डवरणीच्या दिवसांत जोडीतला एक बैल बसला की दुसराही उभ्याउभ्या बिनकामाचा होतो आणि आठ दिवसांत शेत तणात जाते. दुभती गाय गेली तर घरातला रोजचा पैसा बंद होतो. शेळी गेली तर पोरीच्या शाळेची फी जाते. अशा वेळी शेतकरी काय करतो? गुरांचा दवाखाना उघडा असला तर तिथे जातो. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर असले, किंवा त्यांच्याकडे इतकी गावे असली की आज येणे शक्य नाही, तर तालुक्याच्या मेडिकलवर जातो. काउंटरवरच्या माणसाला सांगतो, ‘बैल खात नाही, अंग तापले आहे, काहीतरी द्या.’ आणि काउंटरवरचा माणूस काहीतरी देतो.

या ‘काहीतरी’ शब्दातच सगळी गोम आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० सालचा. त्यात औषधाची जी व्याख्या आहे तिच्यात माणसाचे आणि जनावराचे अशी दोन्ही औषधे येतात. माणसासाठी एक कायदा आणि बैलासाठी दुसरा, असे आपल्या देशात नाही. पशुवैद्याची चिठ्ठी ही कायद्याच्या दृष्टीने चिठ्ठीच आहे. चिठ्ठीवर द्यायचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दिले पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे सरकारने तुमच्या बैलाचे औषध ज्याच्या हाती सोपवले आहे, तो फार्मासिस्ट आहे. त्याचा धंदा १९४८ च्या फार्मसी कायद्याने चालतो. डिप्लोमा दोन वर्षांचा आणि वर प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. डिग्री चार वर्षांची. एवढे शिकल्यावर तो काउंटरवर उभा राहतो.

पण या वर्षांत त्याला जनावराबद्दल काय शिकवले जाते? जनावरांच्या औषधांचा असा स्वतंत्र विषय त्याच्या अभ्यासक्रमात नाही. माणसाचे पोट, माणसाचे यकृत, माणसाचा डोस. रवंथ करणाऱ्या जनावराला चार कप्प्यांचे पोट असते आणि त्याच्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू चाऱ्याचे पोषण करून देतात, तोंडाने दिलेले जिवाणूनाशक औषध त्या कामकरी जिवाणूंनाच मारू शकते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. वर्गात मी विचारतो, किती जणांच्या घरी जनावरे आहेत? बहुतेक हात वर होतात. मग विचारतो, औषध दिल्यावर त्या गाईचे दूध किती दिवस विकायचे नाही? सगळा वर्ग गप्प. यात पोरांचा दोष नाही. ज्या पुस्तकात हे लिहिले आहे ते त्यांच्या कपाटात नाही.

आता तुमच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट घेऊ. ज्वारीचे पीक गुडघ्याएवढे असताना पावसाने दडी मारली, पीक सुकले, मग सर आली आणि बुडातून नवे फुटवे आले. ते कोवळे फुटवे जनावराने खाल्ले की काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. जनावर धापा टाकते, थरथरते, पडते आणि कधी कधी दावणीला आणण्याआधीच संपते. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. पोटात त्याचे सायनाइड होते. त्यावर उतारा आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून द्यायची. वेळेत मिळाली तर जनावर उठते.

गंमत पाहा. ही दोन्ही औषधे फार्मसीचा डिग्रीचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी ‘विषावरील उतारे’ या पाठात शिकतो. त्यांची रासायनिक सूत्रे त्याला पाठ असतात, परीक्षेत तो मार्क मिळवतो. फक्त त्याच्या बापाच्या शेतातल्या ज्वारीचा आणि या उताऱ्याचा संबंध आहे, एवढेच त्याच्या पुस्तकात नसते. त्यामुळे उद्या दुकान टाकले तरी खरिपात या औषधाच्या चार बाटल्या आणून ठेवाव्या हे त्याला सुचत नाही.

आणि गोष्ट इथे संपत नाही. त्याच ज्वारीत दुष्काळी वर्षी, युरिया जास्त पडला असेल तर, नायट्रेटही साठते. त्यानेही जनावर धापा टाकूनच पडते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण सायनाइडच्या विषबाधेत रक्त लालभडक असते आणि नायट्रेटच्या विषबाधेत ते चॉकलेटसारखे तपकिरी होते. नायट्रेटवर उतारा वेगळा, मिथिलीन ब्ल्यू. तिथे जर कुणी सायनाइडवरचे सोडियम नायट्राइट टोचले तर रक्त आणखी बिघडते आणि जे वाचू शकले असते ते जनावर उताऱ्यानेच मरते. चारा एक, लक्षणे जवळपास तीच, पण एकाचे औषध दुसऱ्याचे विष. हा निवाडा डॉक्टरने करायचा. पण डॉक्टरने फोनवर नाव सांगितले तर ते नेमके कशासाठी आहे हे ओळखणारा माणूस काउंटरवर नको का?

कापसाचे उदाहरण घ्या. फवारणीच्या दिवसांत २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसांची ही गत, तर फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत खाणाऱ्या बैलाची काय कथा! ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची बाधा झाली तर ॲट्रोपिन हे औषध लागते. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत त्याचा डोस किलोमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिला आहे. तीनशे किलोच्या बैलाला कमीत कमी डोस धरला तरी ६० मिलिग्रॅम होतात. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारे ॲट्रोपिनचे नेहमीचे ॲम्पूल असते ०.६ मिलिग्रॅमचे. म्हणजे एका बैलाला एका वेळेला शंभर ॲम्पूल! माणसाला सुरुवातीला तीन-पाच लागतात. ज्याने फक्त माणसाचा डोस वाचला आहे, तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर हा आकडा पाहून म्हणेल, डॉक्टर चुकले. आणि पाच ॲम्पूल देऊन तुम्हाला वाटेला लावील. बैल मरेल, आणि दोष कुणाच्या तरी नशिबाला जाईल.

उलटही असते. झायलाझिन हे गुंगीचे औषध घोड्याला ज्या मापाने देतात त्याच्या साधारण एकदशांश मापात गाईबैलाला पुरते. म्हणजे ‘जनावर मोठे, डोस मोठा’ हा ठोकताळाही खरा नाही. ॲट्रोपिन शंभर ॲम्पूल आणि झायलाझिन घोड्याच्या दहाव्या हिश्श्याने. हे अंदाजाने कळत नाही, पुस्तकातूनच कळते.

तुमच्यातले जुने लोक सांगतील, मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की तासाभरात आभाळ गिधाडांनी भरून जायचे. आज ती गिधाडे कुठे आहेत? १९९० नंतर ती नाहीशी होऊ लागली आणि २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक संपली. कारण सापडले २००४ साली, पाकिस्तानातल्या अभ्यासात. डायक्लोफेनॅक! बैलाच्या लचकण्यावर, तापावर आपण सर्रास टोचत होतो ते दुखण्यावरचे औषध. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. सरकारने २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद करायला सुरुवात केली. मग काय झाले? माणसांसाठीची ३० मिलिलिटरची मोठी बाटली त्याच काउंटरवरून त्याच बैलाकडे जाऊ लागली. ते थांबवायला २०१५ साली माणसाचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका डोसातच भरायचा हुकूम काढावा लागला. मग ॲसिक्लोफेनॅक आले. ते गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते! ते आणि किटोप्रोफेन २०२३ साली जनावरांसाठी बंद झाले, आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. गिधाडाला न मारणारे मेलॉक्सिकॅम २००६ पासून माहीत आहे.

मी हे गिधाडांच्या प्रेमापोटी सांगत नाही. गिधाडे गेली, ढोरे सडू लागली, कुत्री वाढली, पाणी नासले. २००० ते २००५ या वर्षांत यामुळे देशात दरवर्षी सुमारे एक लाख जास्तीची माणसे मेली असा अंदाज २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. आता मला सांगा, या २००६ ते २०२४ च्या सगळ्या हुकुमांची अंमलबजावणी कुठे व्हायची होती? दिल्लीत नाही. तालुक्याच्या मेडिकलच्या काउंटरवर. आणि त्या काउंटरवरच्या माणसाला जनावराच्या औषधाचे एकही पुस्तक वाचायला द्यायची व्यवस्था आपण केली नाही.

पुस्तके नाहीत असे नाही. पुस्तके आहेत, फक्त ती वेगवेगळ्या कपाटांत आहेत आणि किल्ल्या वेगवेगळ्या साहेबांकडे आहेत. भारतीय औषधकोश गाझियाबादहून निघतो, त्यात जनावरांच्या औषधांची आणि लसींचीही प्रकरणे आहेत. पण औषध शुद्ध आहे की नाही ते कसे तपासायचे, हे मुख्यतः त्यात असते. कोणत्या जनावराला किती, कशाबरोबर नाही, दूध किती दिवस नाही, हे पशुवैद्यकाच्या औषधशास्त्राच्या ग्रंथांत असते. ते ग्रंथ नागपूर, परभणी, अकोला, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत. ही महाविद्यालये आपल्या पैशाने चालतात. पण तालुक्याच्या फार्मसी कॉलेजातल्या मुलीने तिथे जाऊन वाचायचे म्हटले, तर तिला तिथे कोणत्या हक्काने बसू देतील?

जनावर पशुसंवर्धन खात्याचे. औषध आरोग्य खात्याचे. दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. फार्मसीचा डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाचा. बैल एकच, पण त्याचे चार मालक. आणि ज्याने त्याला वैरण घातली तो शेतकरी या चारांत कुठेच नाही.

अमेरिकेत पशुवैद्यांच्या टेबलावर जे जाडजूड औषधांचे पुस्तक हमखास असते, ते प्लंबचे. हा डोनाल्ड प्लंब पशुवैद्य नव्हे, तो फार्मासिस्ट! विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या औषधालयात बसून त्याने जे जमवले ते जगभरचे पशुवैद्य वापरतात. म्हणजे फार्मासिस्टला हा विषय झेपत नाही असे कुणी म्हणू नये. इंग्लंडमध्ये जंताच्या औषधासारखी काही औषधे पशुवैद्य, फार्मासिस्ट किंवा त्यासाठी परीक्षा पास झालेला विक्रेता यांपैकी कुणीही द्यावीत, असा वर्ग कायद्यानेच केला आहे. आणि परवाना मिळालेल्या प्रत्येक जनावराच्या औषधाची माहिती सरकारने सगळ्यांसाठी फुकट खुली ठेवली आहे. शेतकऱ्यालाही ती वाचता येते.

आपल्याकडे केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ नावाची योजना २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके. ऐकायला फार चांगले. पण ती सरकारी संस्थांसाठी. महाराष्ट्रातली फार्मसी कॉलेजे बहुतांशी खाजगी. शेतकऱ्याचा पोरगा सरकारी कॉलेजात जागा मिळाली नाही म्हणून खाजगीत गेला, फी जास्त भरली, आणि वाचायचे दार त्याच्यासाठीच बंद! कर मात्र त्याच्या बापानेही भरलेला आहे, काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत.

जे फुकट आहे त्याचीही वाट कुणी दाखवत नाही. मर्कचे पशुवैद्यक मॅन्युअल १९५५ पासून निघते, आज इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पशुविज्ञानाचे नियतकालिक खुले आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २०२४ साली प्रमाण उपचारांची मार्गदर्शिका काढली. पण सगळे इंग्रजीत, आणि अभ्यासक्रमात नाव नाही म्हणून शिक्षकही उघडत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात. पशुवैद्य मंडळी म्हणतात, फार्मसीच्या पोरांना ही पुस्तके दिली तर ती डॉक्टरकी करायला लागतील. माझे उत्तर असे की, डॉक्टरकी तर आज पुस्तकाशिवाय चाललीच आहे! ‘काहीतरी द्या’ म्हटल्यावर ‘काहीतरी’ देतात ती डॉक्टरकी नव्हे तर काय? ज्याने पुस्तक वाचले आहे त्यालाच कळते की हे आपले काम नाही, इथे डॉक्टर बोलावला पाहिजे. अज्ञानी माणूस कधी घाबरत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा. ते म्हणतात, आपण परवाना-राज मोडायला निघालो आणि तुम्ही सरकारकडे नवे नियम मागता? नाही भावांनो. मी एकही नवा परवाना, एकही नवा इन्स्पेक्टर मागत नाही. मी दारे उघडायला सांगतो. आपण खुला बाजार मागतो. खुल्या बाजाराची पहिली अट काय? घेणाऱ्याला माल काय आहे ते कळले पाहिजे. ज्या बाजारात विकणाऱ्यालाही माल काय आहे ते ठाऊक नाही, तो खुला बाजार नव्हे, तो अंधारातला सौदा आहे. आणि अंधारातल्या सौद्यात आजवर कोण लुटला गेला हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही घाई आत्ताच करण्याचे कारण आहे. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्राने ‘पशु औषधी’ ही योजना मंजूर केली. जनावरांची जेनेरिक औषधे स्वस्तात, सहकारी संस्था आणि किसान समृद्धी केंद्रांतून विकायची. स्वस्त औषधाला आपला विरोध असायचे कारण नाही. पण खताच्या पोत्याशेजारी जेव्हा इंजेक्शनची बाटली ठेवली जाईल, तेव्हा ती देणाऱ्याला तिच्याबद्दल काय माहीत असेल? औषधाची किंमत उतरेल. चुकीच्या औषधाची किंमत उतरत नाही. ती पूर्वीइतकीच, एक बैल.

आणखी एक. कीटकनाशकाच्या डब्याबरोबर प्रादेशिक भाषेत माहितीपत्रक दिले पाहिजे, असे १९७१ च्या नियमांत आहे. किडीला मारायचे औषध मराठीत, आणि बैलाला जगवायचे औषध इंग्रजीत! जनावराच्या औषधावर प्राण्याच्या डोक्याचे चित्र असते आणि माणसाला वापरू नये अशी सूचना असते. २०१२ पासून दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही तेही छापावे लागते. औषधाची वेगळी चाचणी झालेली नसेल तर दुधासाठी निदान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस. किती जणांनी ते वाचले? अक्षर मुंगीएवढे आणि भाषा साहेबाची.

म्हणून या मेळाव्यापुढे मी पुढील मागण्या ठेवतो.

एक : प्रत्येक फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात पशुवैद्यक औषधशास्त्राचे निदान एक चालू आवृत्तीचे पुस्तक असावे, आणि जनावरांसाठी बंदी घातलेल्या औषधांची यादी भिंतीवर असावी.

दोन : पशुवैद्यकीय महाविद्यालयांची ग्रंथालये फार्मसीच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवून वाचण्यासाठी खुली करावीत.

तीन : ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत खाजगी कॉलेजांतील विद्यार्थ्यांना घ्यावे.

चार : जनावरांच्या औषधाचे माहितीपत्रक मराठीत द्यावे, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात.

पाच : फार्मसीच्या प्रशिक्षणातले काही दिवस गुरांच्या दवाखान्यात काढता यावेत.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपण काय करायचे? आपल्या गावातला जो पोरगा, जी पोरगी फार्मसी शिकते आहे तिला विचारा, तुझ्या कॉलेजात हे पुस्तक आहे का? नसेल तर तिला प्राचार्यांकडे लेखी मागणी करायला सांगा, आणि पालक म्हणून खाली तुमची सही करा. मेडिकलमधून जनावराचे औषध घ्याल तेव्हा पक्के बिल घ्या, आतला कागद फेकू नका, गोठ्यात खुंटीला अडकवून ठेवा. डॉक्टर येईल तेव्हा आधी काय टोचले ते त्याला दाखवता येईल. आणि दुकानदाराला एवढे तीन प्रश्न विचारा : हे माणसाचे की जनावराचे? दूध किती दिवस टाकायचे? डॉक्टरला विचारले का?

दहा दुकानांत दहा शेतकऱ्यांनी हे तीन प्रश्न विचारले, तर अकराव्या दिवशी दुकानदार स्वतःच पुस्तक शोधायला निघेल. गिऱ्हाईक विचारू लागले की माल सुधारतो, हा बाजाराचाच नियम आहे. कापसाच्या ग्रेडरला प्रश्न विचारायला आपण शिकलो. आता औषधाच्या काउंटरवर शिकू.